इंग्रजी बोलायचं, पण कुणाशी?

आदरणीय बाई,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका अनुदानित मराठी माध्यमाच्या हायस्कूलमध्ये सहा वर्षांपासून इंग्रजी शिकवते. यंदा मुख्याध्यापकांनी नववीसाठी पाठ्यपुस्तकाबाहेरचा इंग्रजीचा एक नवा कोर्स तयार करायला सांगितलंय. दिवाळीनंतर फेब्रुवारीअखेरपर्यंत बुधवारची शेवटची आणि शनिवारची एक तासिका मिळणार आहे. वर्गात ४४ मुलं. काही जण परिच्छेद वाचतात, आठ-दहा जणांना अजून अक्षरं जुळवावी लागतात. उन्हाळ्यात बसून मी अठरा घटकांचा आराखडा केला, तो सोबत जोडते. स्वपरिचय, टेन्स, व्हॉइस, गटचर्चा, वादविवाद, शब्दकोडी, गाणी, एक इंग्रजी सिनेमा असं बरंच आहे. जुलैत दोन आठवडे घेऊन पाहिलं. खेळ असला की मुलं रंगतात, पण सगळं मराठीत. इंग्रजीत बोलायची वेळ आली की माना खाली. मराठीला बंदी केली तर वर्ग चिडीचूप. त्यात कापूसवेचणी सुरू झाली की हजेरीही गळते. माझी बी.एड.ची मैत्रीण लग्नानंतर तिरुपूरला गेली आणि तिथे राज्य मंडळाच्या शाळेत शिकवते. तिलाही विचारलं. ती म्हणाली, तिची मुलंही पाठ केलेलं सोडून एक शब्द बोलत नाहीत. कोर्स रंजक करण्यासाठी अजून काय घालू? एखादं चांगलं ॲप आहे का?

– एक शिक्षिका

प्रिय शिक्षिका,

तुमचा आराखडा दोनदा वाचला. उन्हाळ्याच्या सुट्टीत, यवतमाळच्या उन्हात एवढं काम करणारी शिक्षिका त्या मुलांना मिळाली याचा मला आनंद झाला. अजून काय घालू, असं तुम्ही विचारलंय. घालू काहीच नका. अठरा घटकांत रंजक गोष्टी पुरेशा आहेत. त्यात एकच उणीव आहे आणि ती सगळ्या अठरांत आहे: मुलांचं बोलणं ऐकायची खरोखर कुणाला गरज नाही.

पहिलाच घटक बघा, स्वपरिचय. ‘माय नेम इज अमुक. माय फादर इज अ फार्मर. आय लिव्ह इन तमुक व्हिलेज.’ ही मुलगी हे कुणाला सांगतेय? वर्गातल्या बाकीच्या ४३ जणांना तिचं नाव पहिलीपासून ठाऊक आहे. तिच्या बापाचं वावर कुठल्या नाल्याला लागून आहे, धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, कुणाशी भांडण आहे, हेही ठाऊक आहे. तुम्हालाही ती शेतकऱ्याची मुलगी आहे हे माहीत आहे. म्हणजे ज्यांना सगळं माहीत आहे त्यांच्यापुढे तिनं माहीत असलेलंच परक्या भाषेत म्हणून दाखवायचं, आणि चुकलं तर हसू सोसायचं. तिनं मान खाली घातली यात मला तिचं शहाणपण दिसतं. गटचर्चेचंही तेच. ‘मोबाइल : शाप की वरदान’ यावर एका गावातल्या, एका भाषेच्या पाच मुलांनी आपापसात इंग्रजीत का बोलावं? मराठीत ती छान बोलतीलच, आणि तुम्ही लिहिलंय की बोललीच.

आपल्या राज्यात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे तुमच्या नववीतल्या मुलांनी आठ वर्षं हा विषय केलाय. तरी २०२३ च्या ‘असर’ या शैक्षणिक पाहणीत देशातल्या निवडक ग्रामीण जिल्ह्यांतल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी ५७.३ टक्के मुलांना साधी इंग्रजी वाक्यं वाचता आली, आणि जे वाचू शकले त्यांतल्या ७३.५ टक्के मुलांना अर्थ सांगता आला. हिशेब केला तर शंभरातली साधारण ४२ मुलं वाक्य वाचून समजू शकतात. उरलेल्यांनी आठ वर्षं काय केलं? फळ्यावरून उतरवलं, पाठ केलं, पेपरात लिहिलं. त्यांना अभ्यासाचा आळस होता असं मी म्हणणार नाही. त्या भाषेतून कुणालाही काही कळवायची वेळ त्यांच्यावर एकदाही आली नाही, एवढंच मला दिसतं.

आता तुमच्याच पत्रातल्या एका वाक्याकडे वळते. ते तुम्ही जाता जाता लिहिलंय आणि मला सगळा कोर्स त्यातच दिसतो. मैत्रीण तिरुपूरला शिकवते.

तिरुपूर म्हणजे होजिअरीचं गाव. आपण घालतो त्या टी-शर्टांतले कितीतरी तिथे शिवले जातात, आणि तिथून परदेशीही जातात. शेजारच्या कोइमतूरला आणि आसपास सूतगिरण्या आहेत. त्या गिरण्यांना लागणारा कापूस तमिळनाडूत पुरेसा पिकत नाही. तो महाराष्ट्र, गुजरात, तेलंगणातून जातो. तुमच्या वर्गातली मुलं दिवाळीनंतर जो कापूस वेचायला जातात म्हणून हजेरीपट रिकामा दिसतो, त्याच कापसाच्या गाठी ट्रकनं दक्षिणेकडे जातात. तिथे तुमच्या मैत्रिणीच्या वर्गातल्या कुणाची आई शिलाई यंत्रावर बसत असेल, कुणाचा बाप रंगाईच्या कारखान्यात पाळी करत असेल.

आणि या दोन वर्गांना जोडणारी भाषा कुठली? मराठी त्यांना येत नाही, तमिळ तुमच्या मुलांना येत नाही. हिंदीही चालणार नाही, कारण तमिळनाडूत १९६८ पासून द्विभाषा धोरण आहे आणि तिथल्या राज्याच्या शाळांत तमिळ आणि इंग्रजी याच दोन भाषा शिकवतात. उरली इंग्रजी. तुमच्या ४४ मुलांच्या आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच असं होईल की समोरच्याला काही कळवायचं तर इंग्रजीवाचून दुसरी वाटच नाही. कुणी बंदी घालायची गरज नाही, दंडही नको.

तेव्हा अठरा घटक बाजूला ठेवा आणि एकच प्रश्न घ्या. आपल्या वावरातल्या बोंडापासून अंगातल्या बनियनपर्यंत कापसाचं काय काय होतं? अर्धं उत्तर तुमच्या मुलांकडे आहे, पेरणीपासून गाठीपर्यंतचं. उरलेलं अर्धं, सुतापासून बनियनपर्यंतचं, तिकडच्या मुलांकडे. दोन्ही वर्गांनी मिळून फेब्रुवारीअखेर एक चाळीस-पन्नास पानांची पुस्तिका करायची, इंग्रजीत, आणि ती दोन्ही शाळांच्या वाचनालयात राहील. कोर्सचा आराखडा या शेवटच्या दिवसापासून उलटा मागे आणा. ती पुस्तिका लिहायला मुलांना जे लागेल तेच शिकवायचं. जे लागणार नाही ते कितीही चांगलं असलं तरी या कोर्सात नको. तुमचा इंग्रजी सिनेमा त्यामुळे गळतो, याचं मलाही वाईट वाटतं.

हा विचार माझा एकटीचा नाही. इंग्रजी अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या काही साध्या शाळांमध्ये असा प्रयोग केला. ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून तो जगभरच्या भाषाशिक्षकांना माहीत आहे. त्यांच्या तासांना व्याकरणाची यादी नव्हती. रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा अशा गोष्टी घेऊन मुलांना कोडी सोडवायला दिली जात. मूल कोड्यात गुंतलं की भाषा त्याच्या नकळत कामाला लागते, हा त्यांचा विश्वास होता. चांगल्या कामात कुठली तरी दरी हवी, असंही ते सांगत. एकाकडे माहिती आहे आणि दुसऱ्याकडे नाही, किंवा आहे त्या माहितीतून काही ताडायचं आहे, किंवा दोघांची मतं वेगळी आहेत. तुमच्या स्वपरिचयात यांतली एकही दरी नव्हती. यवतमाळ आणि तिरुपूरमध्ये हजारभर किलोमीटरची आहे.

प्रभूंचा आणखी एक ठोकताळा मला शिकवताना फार कामाला आला. अर्ध्या वर्गाला काम निदान अर्धं तरी जमलं तर काम योग्य कठीण आहे. सगळ्यांना जमलं तर सोपं, दोघा-चौघांनाच जमलं तर फार अवघड. दर तासाला हे बघत जा.

आता तासिका. सुट्ट्या, परीक्षा, स्नेहसंमेलन धरलं तर तुमच्या हाती जेमतेम २५ पडतील. पहिल्या पाच मी फक्त प्रश्न विचारायला देईन. आपल्या मुलांनी आठ वर्षांत इंग्रजीत हजारो उत्तरं लिहिली असतील, पण प्रश्न? प्रश्न कायम पुस्तकानं किंवा बाईंनी विचारले. म्हणून नववीतलं हुशार मूलही ‘तुम्ही राहता कुठे’च्या चालीवर ‘यू लिव्ह व्हेअर?’ म्हणतं. मराठीत प्रश्नासाठी वाक्याची मोडतोड करावी लागत नाही, ‘का’ लावला की झालं. इंग्रजीत मात्र ‘डू’, ‘डज’, ‘डिड’ पुढे आणून उभे करावे लागतात. हे फळ्यावर नियम लिहून शिकवायला गेलात तर पुन्हा जुलैचाच वर्ग होईल. त्याऐवजी मुलांना आधी मराठीत विचारा, तिरुपूरच्या पोरांना काय काय विचारावंसं वाटतं? विचारू द्या मोकळेपणानं. गिरणीत रात्रपाळी असते का? रंगाचं पाणी कुठे सोडतात? टी-शर्टचं वजन किती भरतं? तुम्ही भाकर खाता का? तुमच्या शाळेत मारतात का? मग त्यांतले वीस निवडा आणि इंग्रजीत आणा. वीस खऱ्या प्रश्नांतून ‘डू’ आणि ‘डज’ जितके बसतात तितके दोनशे रिकाम्या जागांतून बसत नाहीत, हे मी पाहिलंय.

उत्तरं यायला वेळ लागेल, तोवर तुमचा भाग सुरू करा. इथे व्हॉइसचा घटक आपोआप येतो. आपण सगळे ‘रामा किल्ड रावणा’ उलटं करत वाढलो. ‘रावणा वॉज किल्ड बाय रामा’ लिहिलं की दोन गुण. असं वाक्य कुणी कधी का बोलावं, हे कुणी सांगितलं नाही. आता जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, काय होतं ते सांगायला घ्या. कापूस वेचतात, तोलतात, गाडी रिकामी करतात, सरकी वेगळी काढतात, रुई दाबून गाठ बांधतात. कोण तोलतं, कोण दाबतं, याच्याशी तिरुपूरच्या मुलाला देणंघेणं नाही. ‘द कॉटन इज वेड. द सीड्स आर रिमूव्हड. द लिंट इज प्रेस्ड इन्टू बेल्स.’ कर्ता बिनमहत्त्वाचा झाला की इंग्रजी असं बोलते, हे मुलांना इथे एका तासात कळेल. जवळ जिनिंग असेल तर मुलांना घेऊन जा. नसेल तर ज्याचा बाप किंवा काका तिथे हमाली करतो त्या मुलाला वर्गापुढे उभं करा, मराठीत सांगू द्या, आणि बाकीच्यांनी इंग्रजीत टिपणं काढायची.

यात गणितही घाला. मुलांना हिशेब आवडतो, आणि आकड्यांच्या आधारानं भाषेची भीती कमी होते. आपल्याकडे रुईची एक गाठ १७० किलोची धरतात. कापसातून साधारण एक तृतीयांश रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. मग एका गाठीला किती क्विंटल कापूस लागतो? पाचच्या आसपास. ‘माझ्या घरी बारा क्विंटल झाला, म्हणजे दोन गाठी आणि वर थोडा.’ एका गाठीत किती टी-शर्ट होतील, हे मात्र तुमच्या मुलांना काढता येणार नाही. त्यासाठी टी-शर्टचं वजन हवं, आणि सूत काढताना, कापड कापताना किती वाया जातं तेही हवं. ते तिकडून येईल. त्या आकड्यासाठी पोरं कशी वाट बघतील ते बघा, आणि ज्या पत्रात तो येईल ते पत्र वाचायला कुणाला ‘वाच रे’ म्हणावं लागणार नाही.

एक घटक मी मुद्दाम सुचवते, आणि तो जपून घ्यावा लागेल. कीटकनाशकाच्या डब्यावरचं लेबल. २०१७ साली तुमच्या जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तुमच्या वर्गात त्या घरातलं मूल असू शकतं. आधी चौकशी करा, आणि तसं असेल तर त्या मुलाशी एकटीनं बोला, मगच ठरवा. पण शक्य असेल तर घ्या, कारण इंग्रजी वाचनाचा याहून खरा धडा मला माहीत नाही. डब्यासोबतच्या माहितीपत्रकावर तीच माहिती इंग्रजीत आणि भारतीय भाषांत बारीक अक्षरांत छापलेली असते, त्यामुळे मराठी मजकूर असलेला कागद मिळवला तर दोन भाषांतला तयार उतारा हाती येतो. रिकामा डबा वर्गात कधीही आणायचा नाही, मुलांनाही आणू द्यायचा नाही. कृषी केंद्रातून कोरं माहितीपत्रक मागून घ्या किंवा लेबलाचा फोटो छापून घ्या. त्यावरचा चौकोन ओळखायला शिकवा: लाल म्हणजे अत्यंत विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सर्वांत कमी. ‘सिम्प्टम्स’, ‘अँटिडोट’, ‘प्रोटेक्टिव्ह क्लोदिंग’ हे शब्द मुलांनी शोधायचे आणि शेजारच्या मराठीशी ताडून बघायचे. मग तिथलं मराठी सोपं आहे का, आपल्या आजोबांना कळेल का, हेही विचारा. बहुतेक वेळा ते मराठी इंग्रजीइतकंच अवघड असतं. मुलांनी ते सोप्या वऱ्हाडीत लिहून घरी न्यायचं. या तासाला इंग्रजी त्यांच्या घरच्या कामी येते. दहावीच्या तृतीय भाषेच्या पेपरात इंग्रजीतून मराठीत भाषांतराचा प्रश्न असतो, त्याचीही तयारी होते.

शब्दांसाठी मला एक जुनी गोष्ट सुचते. मोल्सवर्थ यांनी कँडी बंधूंच्या मदतीनं केलेला मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ साली त्याची वाढवलेली आवृत्ती आली. ती आज शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट शोधता येते. परक्या माणसाला मराठी शब्द इंग्रजीत समजावून देण्याचं जे काम त्या लोकांनी केलं, तेच तुमच्या मुलांना तिरुपूरसाठी करायचंय. डवरा, वखर, तिफण, धुरा, पऱ्हाटी असे शेतीतले शब्द घ्या. त्यांना नेमका इंग्रजी शब्द शोधत बसू नका. दोन-तीन वाक्यांत ती वस्तू डोळ्यांपुढे उभी राहिली पाहिजे: कशाची असते, कोण ओढतं, कधी लागते. मुलांनी आधी स्वतः लिहायचं, मग मोल्सवर्थ उघडायचा. शब्द सापडला तर ताडून बघा, कुणाचं वर्णन जास्त स्पष्ट आहे. सापडला नाही, किंवा वेगळ्याच अर्थानं सापडला, तर फारच उत्तम. जो वऱ्हाडी शब्द त्या जाड कोशात नाही त्याची पहिली इंग्रजी नोंद तुमच्या नववीच्या मुलीनं केली, असं होईल. पुस्तिकेच्या शेवटी हा छोटा कोश जोडा. तिरुपूरची मुलं कारखान्यातल्या तमिळ शब्दांची तशीच यादी करतील.

आता त्या आठ-दहा मुलांविषयी, ज्यांना अक्षरं जुळवावी लागतात. तुमच्या आराखड्यात त्यांच्यासाठी वेगळी ‘उपचारात्मक’ ओळ आहे. ती काढून टाका, असं मी कळकळीनं सांगते. नववीतल्या मुलाला सगळ्यांदेखत बाजूला बसवून अक्षरं गिरवायला लावली की तो त्या दिवसापासून शाळेतून मनानं गेलेला असतो. या कोर्सात त्यांना वेगळी जागा आहे. तुमच्या वर्गात शेतीची सर्वांत जास्त माहिती कुणाला असेल? बहुधा त्यांच्यातल्याच कुणाला, कारण तो शाळेपेक्षा वावरात जास्त असतो. माहिती त्याच्याकडे ठेवा आणि लिहिणं दुसऱ्याकडे. पहिल्या नंबरच्या मुलीला त्याच्याकडे जाऊन विचारावं लागेल की वेचणीचा भाव किलोला किती, पहिली वेचणी आणि शेवटची यांच्या कापसात काय फरक असतो. तो सांगेल, ती लिहील, मग ती वाचून दाखवील आणि तो ऐकून सांगेल की हे चुकलं. स्वतःच्या तोंडून निघालेली चार वाक्यं इंग्रजीत समोर दिसली की ती वाचायला तो धडपडतो. मी अशी मुलं पाहिली आहेत, पहिलं संपूर्ण वाक्य त्यांनी स्वतःबद्दलचंच वाचलं.

गळणाऱ्या हजेरीचंही याच वाटेनं बघा. वेचणीला गेलेलं मूल शनिवारी परत आलं की त्याच्याकडे ताजी माहिती असते. किती किलो वेचला, काय भाव मिळाला, बोटं कशी सोलतात. त्याला मागच्या तासाचं बुडलेलं विचारण्याआधी हे विचारा.

वाचनाविषयी थोडं. प्रत्येक तासाची पहिली दहा मिनिटं शांत वाचन ठेवा, प्रश्नोत्तरांविना. पुस्तक मुलाला सोपं वाटायला हवं. हू आणि नेशन या अभ्यासकांनी २००० साली मांडलेल्या अभ्यासाप्रमाणे आधाराविना वाचून नीट समजायचं तर शंभरातले साधारण ९८ शब्द ओळखीचे लागतात. म्हणजे पानावर पाच-सहा शब्द अडले की ते पुस्तक त्या मुलासाठी आज नको. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’वर पातळीनुसार लावलेल्या गोष्टी इंग्रजीत आणि मराठीतही फुकट आहेत, छापूनही घेता येतात. अडचण अशी की सोपी पुस्तकं लहान मुलांची असतात आणि चौदाव्या वर्षी ससा-कासवाची लाज वाटते. १९२० च्या दशकात मायकल वेस्ट यांना ढाक्याला असाच प्रश्न पडला होता. त्यांनी बंगाली मुलांसाठी मोजक्या शब्दांत वाचनमाला लिहिल्या. तुम्हाला लिहायची गरज पडणार नाही. तिरुपूरहून येणारी पत्रं हेच तुमचं वाचनाचं साहित्य. समवयस्कानं लिहिलेलं, साध्या शब्दांत, आणि विषय कुठल्याही अर्थानं बालिश नाही.

मराठीवर बंदी घालू नका. हे मी अनुभवानं सांगते. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मीही टेबलावर डबा ठेवला होता, इंग्रजीच्या तासाला मराठी शब्द उच्चारला की चार आणे. दोनच आठवडे तो डबा राहिला. एका मुलीला पाणी प्यायला जायचं होतं आणि ते इंग्रजीत कसं विचारायचं ते आठवेना, म्हणून ती मधल्या सुट्टीपर्यंत तशीच बसून राहिली. मे महिन्याचे दिवस नव्हते, तिला काही झालं नाही. पण मला ते संध्याकाळी तिच्या मैत्रिणीकडून कळलं आणि रात्रभर झोप लागली नाही. मुलांना विचार मराठीत करू द्या, आपापसात ठरवू द्या मराठीत, भांडू द्या मराठीत. तिरुपूरला जो कागद जाईल तो इंग्रजीत, एवढी एकच अट पुरे.

चुका कधी सुधारायच्या? मजकूर पोचत नसेल तेव्हा. ‘माय फादर गो टू फील्ड’ हे तिकडे कळतं, पहिल्या पत्रात राहू द्या. पण ‘वुई कट द कॉटन’ लिहिलं तर तिकडचं मूल समजेल की झाड कापतात. तिथे थांबवा, ‘पिक’ द्या. पुस्तिकेचा शेवटचा खर्डा करताना मात्र सगळं नीट करून घ्या. छापलं जाणार म्हटल्यावर मुलं स्वतःच येऊन विचारतात की इथे ‘एस’ लागतो का. तेव्हा शिकवलेलं व्याकरण टिकतं.

मुख्याध्यापक आणि पालक गुण विचारतील, त्यांचाही विचार रास्त आहे. दहावीला इंग्रजीत ८० गुणांची लेखी आणि २० गुण तोंडी-अंतर्गत असतात. पत्र, मुलाखत, माहितीचं रूपांतर, भाषांतर हे सगळे लेखी प्रकार या कोर्सात खऱ्या कामातून होतात, त्याचा अर्ध्या पानाचा तक्ता करून मुख्याध्यापकांना द्या. आणि पहिल्याच तासाला प्रत्येक मुलाचं एक मिनिटाचं इंग्रजी बोलणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित करून ठेवा, फेब्रुवारीत पुन्हा घ्या. पालकसभेत दोन्ही एकापाठोपाठ ऐकवा, मुलांच्या संमतीनं.

ॲपचं विचारलंत. या कोर्सापुरतं ध्वनिमुद्रणाला फोन आणि शब्द शोधायला कोश, एवढंच. मुलांच्या वतीनं परिच्छेद लिहून देणारं कुठलंही साधन या कामात आणू नका. तिरुपूरच्या मुलांना यंत्राचं सफाईदार इंग्रजी वाचायचं नाही, त्यांना तुमची मुलं भेटायला हवीत. फोन नंबर, फोटो, घरचे पत्ते यांची देवाणघेवाण नको. पत्रव्यवहार शाळेच्या पत्त्यावर, तुम्हा दोघी शिक्षिकांच्या हातून.

आता मैत्रिणीला आजच फोन करा. ती तयार होईल असं मला वाटतं, कारण तिची तक्रार तुमच्यासारखीच आहे. तिच्या शाळेच्या परीक्षांच्या तारखा विचारून घ्या आणि दोन्हीकडच्या मुख्याध्यापकांची लेखी परवानगी आधी मिळवा. पहिलं पत्र पोस्टानं पाठवा, वर्गानं मिळून लिहिलेलं, ४४ सह्यांचं. सोबत एका डबीत फुटलेलं बोंड ठेवा, सरकीसकट. तिथल्या मुलांनी सूत पाहिलंय, कापड पाहिलंय, पण बोंड हातात घेतलेली फारशी नसतील. डबीवर काय लिहायचं ते मुलांना ठरवू द्या.

तुमची,
बाई